मौनाची शाळा : खाईम पोटॉक यांच्या 'द चोझन'विषयी

मार्च-एप्रिलचे दिवस आले की आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ घरांवर एक प्रकारचे सावट पसरते. परीक्षा हे त्याचे वरवरचे कारण. खरे कारण परीक्षेनंतरचे असते. मुलगा शाळा संपवून उंबरठ्यावर उभा राहिलेला असतो आणि घरातील प्रत्येकाच्या मनात त्याच्या पुढील आयुष्याचे एक चित्र तयार असते. तेच चित्र त्याच्याही मनात आहे काय, हे मात्र सहसा कोणी विचारलेले नसते. दोन वर्षांपूर्वी अशाच दिवसांत आमच्या ओळखीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. मुलगा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता आणि त्याला इंग्रजीचा सराव व्हावा म्हणून एखादी चांगली कादंबरी हवी होती. मी त्यांना 'द चोझन' दिली. महिन्याभराने पुस्तक परत आले ते वडिलांच्याच हातून. मुलाने ते चार दिवसांत संपवले होते. वडिलांनी मात्र शब्दकोश शेजारी घेऊन रोज रात्री आठ-दहा पाने अशा बेताने वाचले होते. पुस्तक माझ्या हाती देताना ते म्हणाले, "सर, त्या रब्बीचं चुकलं असं तुम्हाला वाटतं का हो?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. ते माझे मलाच पटले नाही. हा लेख त्या अपुऱ्या उत्तरातून निघाला आहे.

खाईम पोटॉक यांची ही पहिली प्रकाशित कादंबरी १९६७ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाली. पोटॉक यांचा जन्म १९२९ साली त्याच शहराच्या ब्राँक्स विभागात, पोलंडहून स्थलांतर केलेल्या यहुदी आईवडिलांच्या पोटी झाला. चार भावंडांत ते थोरले. ही चारही भावंडे पुढे स्वतः रब्बी झाली किंवा रब्बींशी विवाहबद्ध झाली, एवढ्यावरून त्या घरातील हवेची कल्पना यावी. त्यांचे शालेय शिक्षण यशिवा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या मुलांच्या हायस्कुलात झाले. १९१६ साली सुरू झालेल्या या शाळेत दिवसाचा एक भाग तालमूदच्या अध्ययनाला आणि दुसरा भाग इंग्रजी, गणित, विज्ञान या विषयांना दिलेला असे. एका दिवसात दोन शाळा भरतात म्हणा ना. अशा शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला दोन भाषांत विचार करण्याची सवय लागलेली असते, आणि त्या दोन भाषा एकमेकींशी बोलतीलच याची खात्री कोणी दिलेली नसते.

याच शाळेत असताना, सोळाव्या वर्षाच्या सुमारास, पोटॉक यांच्या हाती एक इंग्रजी कादंबरी पडली आणि आपण लेखक व्हायचे असे त्यांनी ठरवले. ही हकीकत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली आहे. ती कादंबरी कोणती असावी? एव्हलिन वॉ यांची १९४५ साली निघालेली 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड'. म्हणजे १९३० साली कॅथलिक झालेल्या एका इंग्रज लेखकाने एका कॅथलिक उमराव घराण्याविषयी लिहिलेली, देवाच्या कृपेचे सूत्र उघडपणे मिरवणारी कादंबरी. ब्राँक्समधल्या यहुदी मुलाचा त्या वाड्याशी, त्या घरातील प्रार्थनामंदिराशी, मृत्युशय्येवर क्रुसाची खूण करणाऱ्या त्या वृद्ध उमरावाशी काय संबंध? काहीच नाही. तरी सतराव्या वर्षी, म्हणजे शाळा संपण्याच्या सुमारास, त्याने स्वतःची एक कथा 'अटलांटिक मंथली' या नियतकालिकाकडे पाठवलीही. ती छापली गेली नाही, पण संपादकांकडून कौतुकाची चिठ्ठी आली. आपल्या वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

कादंबरीचा आरंभ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील विल्यम्सबर्ग वस्तीत, १९४४ च्या जून महिन्यातील एका रविवारी होतो. डॅनी साँडर्स आणि रूव्हेन मॉल्टर ही दोन पंधरा वर्षांची मुले एकमेकांपासून पाच गल्ल्यांच्या अंतरावर वाढलेली, आणि तरीही एकमेकांना अनोळखी. कारण त्यांच्या शाळा वेगळ्या. डॅनीची यशिवा त्याच्या वडिलांनी, हसिदी पंथाचे पुढारी रेब साँडर्स यांनी, काढलेली. तेथे तालमूद यिद्दिश भाषेतून शिकवतात, मुलांच्या कानांवर केसांच्या बटा असतात, आणि इंग्रजी विषय सरकारी नियमापुरते ठेवलेले असतात. रूव्हेनची यशिवा त्यामानाने मोकळी. तेथे पवित्र भाषा हिब्रूच बोलण्यासाठीही वापरतात आणि इंग्रजी विषय गरजेपेक्षा जास्त शिकवतात. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच सनातनी वाटतील. आतल्या माणसांच्या दृष्टीने मात्र त्यांच्यामध्ये एक दरी आहे. डॅनीची मुले रूव्हेनच्या मुलांना पाखंडी म्हणतात. तालमूदमध्ये त्यासाठी 'आपिकोरस' असा शब्द आहे, आणि तो एपिक्युरस या ग्रीक तत्त्ववेत्त्याच्या नावावरून आला आहे. एकाच धर्माच्या दोन शाळांतील ही तेढ वाचताना मला हसू आले आणि लगेच ओशाळल्यासारखेही झाले. शेजारच्या धर्मग्रामातील लोकांविषयी आपण काय काय बोलतो हे आठवले.

या दोन शाळांची गाठ बेसबॉलच्या मैदानावर पडते. लढाईचे दिवस आहेत, आणि दिवसभर ग्रंथांत डोके घालून बसणारी आपली मुलेही इतर अमेरिकन मुलांइतकीच धडधाकट आहेत हे दाखवण्यासाठी यशिवांमधील इंग्रजीच्या शिक्षकांनी सामने सुरू केले आहेत. सामना पाहता पाहता धर्मयुद्धाचे रूप घेतो. डॅनीने टोलवलेला चेंडू रूव्हेनच्या चष्म्यावर आदळतो आणि काचेचा कण त्याच्या डोळ्यात शिरतो. रूव्हेन इस्पितळात पडतो. डॅनी माफी मागायला येतो आणि रूव्हेन त्याला हाकलून देतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो. त्या भेटीत डॅनी काय सांगतो? की त्या क्षणी त्याला रूव्हेनला ठार मारावेसे वाटत होते आणि हे असे का व्हावे ते त्याला कळत नाही, म्हणून तो अस्वस्थ आहे. पश्चात्तापाचा एवढा निर्भेळ, स्वतःची बाजू न घेणारा उच्चार मी फार थोड्या कादंबऱ्यांत वाचला आहे. पापनिवेदनाचा संस्कार लहानपणापासून ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

इस्पितळाचा हा भाग मला संपूर्ण कादंबरीत सर्वांत सुघटित वाटतो. रूव्हेनच्या एका बाजूला सॅव्हो नावाचा, डोळ्याला इजा झालेला व्यावसायिक मुष्टियोद्धा. एकेकाळी त्याला धर्मगुरू व्हायचे होते, पण त्याने मुष्टियुद्धाचा आखाडा निवडला आणि ती निवड फसली. दुसऱ्या बाजूला बिली नावाचा अंध मुलगा. रेडिओवरून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरल्याची बातमी येते. रूव्हेनची दृष्टी वाचते. इतर दोघांच्या वाट्याला ते भाग्य येत नाही. पोटॉक या डोळ्यांविषयी एक शब्दही अधिक बोलत नाहीत. एवढेच होते की, घरी परतल्यावर रूव्हेनला आपले अंगण, आपली खोली, खिडकीबाहेरचे झाड हे सारे नव्याने दिसू लागते. 'निवडलेले' असे नाव असलेल्या पुस्तकात निवड चुकलेला माणूस इतक्या आरंभी भेटावा, हे मला सहज घडलेले वाटत नाही.

आता त्या मौनाकडे वळू. डॅनी हा असामान्य बुद्धीचा मुलगा आहे. एकदा वाचलेले पान त्याच्या स्मरणात जसेच्या तसे राहते. हसिदी परंपरेत पुढाऱ्याचे, म्हणजे 'त्सादिक'चे स्थान वंशपरंपरेने चालते. डॅनीचे पाचारण त्याच्या जन्माबरोबरच ठरलेले आहे. पण हा मुलगा चोरून सार्वजनिक ग्रंथालयात जातो आणि डार्विन, हेमिंग्वे, पुढे फ्रॉइड वाचतो. फ्रॉइड मुळातून वाचता यावा म्हणून जर्मन शिकतो. त्याला काय वाचावे हे सुचवणारे एक सज्जन तेथे भेटलेले असतात. ते रूव्हेनचे वडील डेव्हिड मॉल्टर निघतात. आणि घरी? घरी वडील त्याच्याशी बोलत नाहीत. रागावून नव्हे. तालमूदचे पान दोघांच्या मध्ये उघडे असेल तेव्हाच बोलतात. ते पान मिटले की बापलेकांमध्ये शब्द नाही. असे वर्षानुवर्षे चाललेले आहे आणि त्याचे कारण डॅनीला ठाऊक नाही.

हे मौन किती भयंकर आहे ते कळण्यासाठी त्याच्या शेजारचा आवाज ऐकायला हवा. शब्बाथाच्या दिवशी दुपारी रेब साँडर्स आपल्या मंडळीसमोर प्रवचन करतात. हिब्रू अक्षरांना अंकांचे मूल्य असते. 'जिवंत' या अर्थाच्या 'खाइ' या शब्दाची बेरीज अठरा होते, तशी. या बेरजांवरून वचनांचे गूढार्थ काढीत ते बोलत असतात आणि मध्येच मुद्दाम एक चूक करून ठेवतात. प्रवचन संपले की भरल्या सभेत ते मुलाला विचारतात, कुठे चुकले? मुलाने ती चूक दाखवायची, मग दोघांनी ग्रंथांच्या आधारे वाद घालायचा. सारी मंडळी श्वास रोखून ऐकते. बापाच्या चेहऱ्यावर अभिमान ओसंडतो. रूव्हेन पहिल्यांदा हे पाहतो तेव्हा त्याला ते क्रूर वाटते. हळूहळू त्याच्या लक्षात येते की त्या बापाला मुलाशी प्रेमाने बोलण्याची एवढीच एक जागा उरलेली आहे. पोटॉक यांची लेखनशक्ती अशा ठिकाणी दिसते. त्यांनी अध्ययनाला कृतीचे स्वरूप दिले आहे. तालमूदचे पान म्हणजे मधोमध मूळ मजकूर आणि दोन्ही अंगांना शतकानुशतकांच्या भाष्यकारांची दाटी. ते मोठ्याने, हेल काढून, वाद घालीत वाचायचे असते. दोन माणसे एका पानावर झुंजतात आणि त्या झुंजीत वाचकाचा जीव टांगणीला लागतो. बुद्धीच्या कामाचे असे नाट्य मराठी कादंबरीत मला क्वचितच भेटले आहे. आपल्याकडे विद्वान पात्र म्हटले की लेखक त्याच्या तोंडी फक्त निष्कर्ष घालतो.

मग रेब साँडर्स मौन का पाळतात? याचा उलगडा अखेरीस, ओलांडण सणाच्या दिवसांत होतो. ते रूव्हेनला आणि डॅनीला समोर बसवतात आणि मुलाकडे न पाहता, रूव्हेनशी बोलतात. चार वर्षांचा डॅनी एका दुःखी माणसाची गोष्ट वाचून आला होता. त्याला ती गोष्ट शब्दन् शब्द आठवत होती, तिचा त्याला आनंद झाला होता, पण त्या माणसाचे दुःख त्याला शिवले नव्हते. बापाने ओळखले की देवाने आपल्याला थंड बुद्धीचा मुलगा दिला आहे. अशा बुद्धीला अंतःकरण हवे. ते शब्दांनी देता येत नाही. म्हणून त्याला एकटे सोडायचे, दुःख म्हणजे काय ते त्याला आतून कळू द्यायचे. त्यांच्या वडिलांनीही त्यांना असेच वाढवले होते. हे सांगताना ते रडतात, मुलाची क्षमा मागतात आणि त्याला जाऊ देतात. तो मानसशास्त्रज्ञ होणार हे त्यांना बऱ्याच काळापासून ठाऊक होते. तो साऱ्या जगासाठी त्सादिक होईल, असा काहीसा त्यांच्या बोलण्याचा आशय आहे. डॅनीही रडतो. रूव्हेनही रडतो. माझाही डोळा कोरडा राहिला नव्हता, हे कबूल करतो.

पण समीक्षकाने रडून झाल्यावर डोळे पुसून पुन्हा पान उघडले पाहिजे. तसे उघडले की काही गोष्टी खटकू लागतात. पहिली अशी की रेब साँडर्स यांची शिक्षणपद्धती यशस्वी झाली असे कादंबरी गृहीत धरते. डॅनीला अंतःकरण लाभले. ते मौनाने लाभले. हे दुसरे विधान कोणी सिद्ध केले? डॅनीच्या आयुष्यात त्याच सहा वर्षांत दुसरेही काही घडलेले आहे. एक मित्र मिळाला आहे. एका डोळ्याची हानी आपल्या हातून होता होता राहिली याची बोच त्याला आहे. डेव्हिड मॉल्टर यांच्यासारखा मृदू शब्दांचा माणूस त्याला लाभला आहे. अंतःकरण यातून कशावरून आले नसेल? कादंबरीत याचा पुरावा विखुरलेला आहे, आणि तो बापाच्या बाजूचा नाही. बापाचे अश्रू पाहून आपण त्याला सोडून देतो. लेखकही सोडून देतो. अश्रू हा युक्तिवाद नव्हे, हे तालमूदच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये.

आणि येथेच वॉ यांची आठवण येते. 'ब्राइड्सहेड'चा निवेदक चार्ल्स रायडर हा बाहेरचा माणूस. मित्राच्या, सेबास्टियनच्या, धर्मनिष्ठ घरात तो येतो आणि त्या घराच्या प्रेमात पडतो. सेबास्टियनची आई लेडी मार्चमेन, मुलगा हाताबाहेर जाऊ लागल्यावर, त्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मित्राचाच वापर करू पाहते. 'द चोझन'मध्ये रूव्हेनची जागा नेमकी हीच आहे. रेब साँडर्स त्याला एकट्याला बोलावून विचारतात, माझा मुलगा ग्रंथालयात काय वाचतो? शेवटचे ते मोठे निवेदनही त्याच्याच मार्फत होते. पोटॉक यांनी वॉ यांच्याकडून कथानक घेतले असे मी म्हणत नाही. एका कुतूहलाने भरलेल्या पाहुण्याच्या डोळ्यांनी परके धर्मघर दाखवण्याची रीत, आणि आईबापांच्या प्रेमाला मधला निरोप्या लागतो ही वेदना, या दोन गोष्टी त्या सोळा वर्षांच्या वाचकाच्या मनात रुजल्या असाव्यात असे मला वाटते. फरक शेवटात आहे. सेबास्टियन आईपासून पळतो आणि मोडून पडतो. वॉ त्या मोडलेपणातही कृपा शोधतात, पण आईला निर्दोष ठरवीत नाहीत. लेडी मार्चमेन पुण्यशील आहे आणि तिच्या पुण्यशीलतेने माणसे गुदमरतात, ही दोन्ही सत्ये ते शेजारी-शेजारी ठेवतात. पोटॉक यांना बापाविषयी एवढे कठोर होता आले नाही. जेम्स जॉइस यांची 'ए पोर्ट्रेट ऑफ द आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन' ही दुसरी कादंबरी, जिचे ऋण ते मान्य करीत. तिच्यातला जेझुइट शाळांत शिकलेला नायक घर, देश आणि धर्म यांना मागे टाकून निघून जातो. डॅनी तसाही जात नाही. दाढी आणि बटा काढतो, पण धर्माचरण सोडत नाही. एका कॅथलिक आणि एका धर्म सोडलेल्या कॅथलिक लेखकाकडून धडे घेऊन या यहुदी लेखकाने तिसरी वाट काढली. न तुटता वेगळे होण्याची ती वाट. तिच्याबद्दलचा माझा आदर वरच्या आक्षेपाने कमी होत नाही. आक्षेप एवढाच की या वाटेचा जकातनाका त्यांनी फार स्वस्तात ओलांडू दिला आहे.

कथानकाची सोयही याच स्वस्ताईचा भाग. डॅनीने गादी नाकारली तर समाजाचे काय, हा खरा जीवघेणा प्रश्न. त्यावर उत्तर तयार आहे: धाकटा भाऊ लेव्ही. तो प्रकृतीने नाजूक, पण गादी सांभाळील. लेव्हीला काय हवे आहे हे कोणी विचारत नाही, लेखकसुद्धा नाही. एका मुलाच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्या मुलाने मुकाट्याने भरायची, ही व्यवस्था आपल्याही घरांत अपरिचित नाही. थोरला परदेशी जातो, धाकट्याने वाडी आणि म्हातारे आईबाप पाहायचे. या धाकट्यांवर कादंबऱ्या निघत नाहीत. स्त्रियांची अवस्था तर याहून वाईट. डॅनीची आई सावलीसारखी वावरते. बहिणीचा विवाह ती दोन वर्षांची असतानाच ठरलेला असतो, आणि वयात आल्यावर तो होतो. रूव्हेनची आई कथेपूर्वीच वारलेली. मुलांच्या शाळा, मुलांचे खेळ, पुरुषांचे वाद. एवढ्या अश्रूंच्या कादंबरीत एकाही आईला रडण्याची जागा मिळालेली नाही. डॅनीशी घरात दुसरे कोणी बोलत होते की नाही? आई बोलत असेलच ना? मग ते बोलणे अंतःकरण घडवण्याच्या हिशेबात का धरले नाही? रब्बींना याचे उत्तर विचारावेसे वाटते.

डेव्हिड मॉल्टर हे पात्रही मला जरा जास्तच गुळगुळीत वाटते. विद्वान, प्रेमळ, उदार, चहाचा पेला हाती घेऊन मुलाला इतिहास समजावून सांगणारे. त्यांच्या तोंडून हसिदी पंथाचा उगम, १६४८ साली पूर्व युरोपात सुरू झालेल्या यहुद्यांच्या कत्तली, अठराव्या शतकातील बाल शेम तोव्ह, हा सारा भाग एका दीर्घ व्याख्यानासारखा येतो. तो उपयुक्त आहे. विशेषतः आपल्या वाचकांना, कारण आपल्याला यहुदी म्हटले की एक जुना करार आठवतो आणि दुसरे कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना आपल्याकडे शनिवार तेली म्हणत. ते मराठी बोलणारे. ब्रुकलिनचे हसिदी हे पूर्व युरोपातून आलेले, यिद्दिश बोलणारे. एका धर्माची ही दोन बिऱ्हाडे, त्यांच्या चालीरीती एकीवरून दुसरी ओळखू येऊ नयेत अशा. तेव्हा व्याख्यान चालेल. पण पात्र म्हणून मॉल्टर जिवंत होतात ते पुढे, जेव्हा युद्ध संपते आणि छळछावण्यांच्या बातम्या येऊ लागतात.

त्या बातम्यांपुढे दोन बाप दोन वाटांनी जातात. रेब साँडर्स शोकात बुडतात आणि देवाच्या इच्छेपुढे मान तुकवून मशीहाची वाट पाहतात. माणसांनी, त्यातही धर्म न पाळणाऱ्या माणसांनी, पवित्र भूमीत राज्य स्थापावे ही कल्पना त्यांना पापासमान वाटते. मॉल्टर म्हणतात की वाट पाहणे आता शक्य नाही. त्या मृत्यूंना आपणच अर्थ द्यायला हवा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असतानाही ते सभा घेत हिंडतात. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव मंजूर केला. त्या दिवसांच्या आसपास रेब साँडर्स डॅनीला हुकूम देतात की रूव्हेनशी यापुढे बोलायचे नाही. आता दोघेही हर्श कॉलेजात आहेत, म्हणजे तालमूद आणि पदवी दोन्ही मिळतील अशा एकाच छपराखाली. एकाच वर्गात बसून दोन मित्र एकमेकांशी बोलत नाहीत. डॅनीचे घरातले मौन आता रूव्हेनच्याही वाट्याला येते. त्याचा अभ्यास ढासळतो, रेब साँडर्सविषयी त्याच्या मनात उघड द्वेष उत्पन्न होतो. कादंबरीत बापाच्या विरुद्ध बाजूचा पुरावा मी म्हटला तो येथे सर्वांत ठसठशीत आहे. मौन अंतःकरण घडवते असे असेल तर या मौनाने रूव्हेनच्या मनात द्वेष का घडवला? पोटॉक यांनी हा प्रसंग प्रामाणिकपणे लिहिला आणि शेवटच्या प्रकरणात त्याच्याकडे पाठ फिरवली.

या भागाविषयी कॅथलिक वाचकाने आणखी एक गोष्ट मनाशी ठेवणे भाग आहे. युरोपातील ती सहस्रावधी गावे, जेथून या कादंबरीतील माणसांची आप्तमंडळी नाहीशी झाली, तेथे आपल्या धर्मबांधवांची वस्ती होती. पवित्र शुक्रवारच्या प्रार्थनेत यहुद्यांसाठी योजलेला लॅटिनमधील तो अपमानकारक शब्द पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ साली काढून टाकला. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नॉस्ट्रा एताते' हे घोषणापत्र काढून ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सबंध यहुदी समाजावर टाकण्याची जुनी खोड नाकारली. 'द चोझन' त्यानंतर दोन वर्षांनी आली. कादंबरीत ख्रिस्ती माणसांवर कोठेही आरोपपत्र नाही. सॅव्होसारखा एक भला माणूस आहे, एवढेच. पोटॉक यांनी पुढे १९७२ साली 'माय नेम इज अ‍ॅशर लेव्ह' लिहिली. तिचा नायक हा हसिदी चित्रकार आपल्या आईची वेदना रंगवायला दुसरा आकार सापडेना म्हणून तिला क्रुसाच्या आकृतीत रंगवतो आणि स्वतःच्या समाजातून बाहेर फेकला जातो. आईला रडायला जागा नाही, ही जी तक्रार मी वर केली तिला लेखकाने पाच वर्षांनी दिलेले उत्तर म्हणून ती कादंबरी वाचता येते. आपण ज्या चिन्हाखाली वाढलो ते चिन्ह दुसऱ्याच्या अंगणात कसे दिसते, हेही तेथे कळते.

'द चोझन'वर १९८१ साली चित्रपट निघाला. रॉड स्टायगर यांचे रेब साँडर्स त्यात पाहण्याजोगे आहेत, पण तालमूदचे ते पान पडद्यावर येत नाही. मुलांना चित्रपट दाखवून पुस्तकाची सुट्टी करू नये.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे. रब्बीचे चुकले का? मला वाटते, चुकले. मुलाला दुःख शिकवण्यासाठी ते मुद्दाम निर्माण करावे लागत नाही; ते आपल्या पायाने येते, आणि १९४५ साली तर ते साऱ्या यहुदी जगताच्या दारात उभे होते. पण त्यांचे एक चुकले नाही. मुलगा काय होणार हे त्यांनी ओळखले होते आणि दार उघडे ठेवले. दोन घरांनी मुलांची अदलाबदल करावी तसे काहीसे घडते. रब्बीचा मुलगा कोलंबिया विद्यापीठात मानसशास्त्र शिकायला जातो आणि आधुनिक विद्वानाचा गणितात हुशार मुलगा रब्बी होण्याचे ठरवतो. दुसऱ्या निर्णयावर टीकाकार फारसे बोलत नाहीत. रूव्हेनला कोणी पाचारण लादलेले नाही, कोणी मौन पाळलेले नाही. त्याच्या घरात शब्दांचा सुकाळ आहे. आणि धर्मसेवेला तोच जातो. सेमिनरीत मुले का येत नाहीत याची चिंता करणाऱ्या आपल्या धर्मप्रांतांतील मंडळींनी या साध्या बाबीकडे पाहावे.

शेवटच्या भेटीत डेव्हिड मॉल्टर डॅनीला विचारतात, तुला मुलगा झाला तर तूही त्याला मौनात वाढवशील का? डॅनी थोडा वेळ थांबतो आणि होकार देतो, मात्र दुसरी वाट सापडली नाही तरच, असे म्हणून. पहिल्या वाचनात मी हे उत्तर भराभर ओलांडून गेलो होतो. आता मला ते कादंबरीतील सर्वांत धीट वाक्य वाटते, आणि सर्वांत भीतिदायक. त्यानंतर डॅनी निघतो. दाढी नाही, बटा नाहीत, अंगावरचा पेहराव बदललेला. फक्त पायांतले बूट मात्र तेच जुने, तळाला लोखंडी नाल ठोकलेले. ली अ‍ॅव्हेन्यूच्या वळणावर तो दिसेनासा होईपर्यंत त्यांचा फरसबंदीवरचा आवाज रूव्हेनला ऐकू येत राहतो.